रोमानियाचे शेतकरी : पीक भरपूर, हिशोब मात्र तुटीचा

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध लादलं गेलं आणि महिन्याभरात आपल्या किराणा दुकानात सूर्यफूल तेलाचा डबा कडाडला. आपल्याकडे हे तेल मुख्यतः युक्रेन, रशिया आणि अर्जेंटिनातून येतं, थोडंफार रोमानियातूनही. काळ्या समुद्राकाठचा हा देश एरवी आपल्या बातम्यांत येत नाही. पण युरोपीय संघात सूर्यफूल पिकवणाऱ्या पहिल्या दोन-तीन देशांत तो आहे, गहू आणि मक्यातही पुढच्या रांगेत आहे. कॉन्स्टांत्सा बंदरातून त्याचं धान्य इजिप्त आणि पश्चिम आशियात जातं.

इतकं पिकवणारा देश अन्नाच्या व्यापारात फायद्यात असायला हवा. तसं नाही. रोमानियाचा शेतमाल आणि अन्नपदार्थांचा व्यापार दरवर्षी अब्जावधी युरोंच्या तुटीत असतो. गहू, मका, जिवंत मेंढ्या बाहेर जातात आणि डुकराचं मांस, चीज, भाजी, फळं, पाकीटबंद खाणं आत येतं. म्हणजे कच्चा माल घाऊक भावाने विकायचा आणि तयार माल किरकोळ भावाने घ्यायचा. धान्याचं मांस, दूध, पीठ, पाव होताना जी किंमत वाढते, ती दुसऱ्याच देशात जमा होते. तिथल्या शेतकऱ्यांच्या बहुतेक तक्रारी या एका ठिकाणी येऊन थांबतात.

तीस लाख खातेदार, आणि एक छप्पन्न हजार हेक्टरवाला

२०२० च्या कृषी गणनेत रोमानियात सुमारे २८ लाख ९० हजार शेतं मोजली गेली. त्या वेळी संपूर्ण युरोपीय संघात शेतांची संख्या होती ९१ लाखांच्या आसपास. म्हणजे संघातलं जवळजवळ दर तिसरं शेत एकट्या रोमानियात. त्यातली नव्वद टक्के शेतं पाच हेक्टरच्या आत, म्हणजे साडेबारा एकरांच्या खाली आहेत. आपल्याकडे साडेबारा एकरवाला बऱ्यापैकी बागायतदार समजला जातो, त्यामुळे हा आकडा वाचून ‘मग बरंच की’ असं वाटू शकतं. पण तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, वर्षातून बहुधा एकच पीक निघतं आणि दक्षिणेच्या मैदानात पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. बहुसंख्य शेतं तर दोन हेक्टरच्याही आतली आहेत. त्यावर घरचं भागतं, विकायला फार उरत नाही.

दुसऱ्या टोकाला डॅन्यूब नदीच्या ब्राइला बेटावर अॅग्रिकॉस्ट नावाची एक शेती आहे. क्षेत्र सुमारे ५६ हजार हेक्टर. २०१८ मध्ये ती संयुक्त अरब अमिरातीच्या अल दाहरा कंपनीने घेतली. शंभर हेक्टरच्या वरची अशी मोजकी शेतं देशातली जवळपास निम्मी जमीन कसतात. मधला शेतकरी, म्हणजे वीस-पन्नास हेक्टरवाला, जो फ्रान्स-जर्मनीत शेतीचा कणा आहे, तो इथे फार थोडा.

याचं कारण इतिहासात आहे. कम्युनिस्ट राजवटीने १९४९ ते १९६२ या काळात जमिनी सक्तीने सामूहिक शेतीत ओढल्या. विरोध करणारे तुरुंगात गेले. राजवट पडल्यावर १९९१ च्या कायद्याने जमीन जुन्या मालकांना किंवा वारसांना परत देणं सुरू झालं, तेही कुटुंबामागे दहा हेक्टरच्या मर्यादेत. चाळीस वर्षांत एका मालकाचे पाच वारस झाले होते, त्यातले तीन शहरात. वाटणी झाली, तुकडे झाले, मोजणी मात्र कित्येक गावांत झालीच नाही. नोंद नसलेल्या तुकड्यावर बँक कर्ज देत नाही. मग म्हातारी माणसं जमीन मोठ्या कंपनीला खंडाने देतात आणि खंड म्हणून वर्षाला हेक्टरी ठरलेलं धान्य घेतात. शेतं चालवणाऱ्यांत पाचांतले दोन तरी पासष्टी ओलांडलेले आहेत. पोरं इटली-स्पेनमध्ये. एप्रिल २०२० मध्ये कोविडने युरोप बंद असतानाही रोमानियाचे मजूर खास विमानांनी जर्मनीत शतावरी काढायला नेले गेले, ही बातमी तेव्हा बरीच गाजली होती. गावात मात्र टोमॅटो तोडायला माणूस मिळत नाही.

‘सहकार’ हा शब्दच नको

लहान शेतकऱ्याने एकत्र यावं, शीतगृह बांधावं, ट्रक घ्यावा, सुपरमार्केटशी एकत्र भाव ठरवावा, हा उपाय कुणीही सुचवेल. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात तर तो घरोघरी माहीत आहे. कारखान्याच्या राजकारणाला आपण कितीही नावं ठेवली, तरी सभासद, शेअर, बिल, सर्वसाधारण सभा हे शब्द आपल्या अंगवळणी पडलेले आहेत.

रोमानियात हाच शब्द अडतो. कम्युनिस्ट काळात जमीन हिसकावून जी सामूहिक शेती केली गेली, तिचं अधिकृत नावच ‘कृषी उत्पादन सहकारी संस्था’ होतं. आजोबांची जमीन आणि बैल सहकाराच्या नावाने गेले, त्यामुळे नातू सहकारी संस्थेच्या अर्जावर सही करताना दहा वेळा विचार करतो. २००४ मध्ये कृषी सहकारी संस्थांचा नवा कायदा आला, करसवलती मिळाल्या, चांगल्या संस्था उभ्याही राहिल्या. पण हॉलंड किंवा डेन्मार्कमध्ये दूध आणि भाजीच्या व्यवहारावर सहकाराची जी पकड आहे, तिच्या जवळपासही रोमानिया नाही. माझ्या मते तिथल्या धोरणातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. गोदामाला अनुदान देता येतं, विश्वासाला देता येत नाही.

परिणाम बाजारात दिसतो. जून-जुलैत सगळ्यांचा टोमॅटो एकदम येतो, साठवण नाही, भाव पडतो. शहरातला किरकोळ बाजार बहुतेक परदेशी सुपरमार्केट साखळ्यांच्या हातात आहे. त्यांना एकसारख्या आकाराचा माल रोज, ठरल्या वेळी, शेकडो दुकानांसाठी हवा असतो. दोन हेक्टरवाला एकटा तो देऊ शकत नाही. मग साखळीचा खरेदीदार तुर्कस्तान किंवा स्पेनचा ट्रक मागवतो. त्याला दोष देणं सोपं आहे, पण माल वेळेवर लागतो हेही खरं.

सरकारने इथे शेल्फच्या बाजूने हात घातला. २०१६ च्या एका कायद्याने मोठ्या दुकानांना मांस, अंडी, भाजी, फळं, मध, दूध, पाव यांतला किमान ५१ टक्के माल स्थानिक पुरवठ्यातून घ्यायला सांगितलं. युरोपीय संघात एका सदस्य देशाचा माल दुसऱ्याने अडवायचा नसतो, त्यामुळे फेब्रुवारी २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने कारवाई सुरू केली आणि शेवटी तो आकडा कायद्यातून काढावा लागला. त्याच सुमारास, २०१७ मध्ये, टोमॅटो योजना आली. किमान हजार चौरस मीटर हरितगृहात दोन टन टोमॅटो काढून विकल्याची पावती दाखवा आणि ३,००० युरो घ्या. हजारो कुटुंबांनी पैसे घेतले, प्लॅस्टिकची हरितगृहं उभी राहिली, काहींची शेती खरोखर सावरली. पण पिकवण्याला पैसे मिळाले, साठवणीला आणि विक्रीला नाहीत.

महागाई वाढल्यावर सरकार पुन्हा दुकानात शिरलं. १ ऑगस्ट २०२३ पासून दूध, पाव, पीठ, तेल, अंडी अशा १४ मूलभूत पदार्थांवरच्या नफ्याला मर्यादा घातली गेली, दुकानदाराला जास्तीत जास्त वीस टक्के. ‘तात्पुरती’ म्हणून आलेली ही मर्यादा नंतर वारंवार वाढवली गेली. गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला. पण दुकानाचा नफा बांधला की दुकान खरेदीचा भाव पाडायला बघतं आणि शेवटचा दाब पुरवठादारावर येतो, ही लहान दूध प्रक्रियावाल्यांची भीती अनाठायी नाही. एक नियम मात्र त्यांच्या कामाचा आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत द्यावेच लागतात आणि रोमानियाने २०२२ मध्ये तसा कायदा केला. ज्याने व्यापाऱ्याकडे उधारीसाठी खेटे घातले असतील त्याला तीस दिवसांची किंमत सांगायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये तूट भरून काढायला अन्नावरचा कर ९ वरून ११ टक्के झाला, तो वेगळाच.

डुक्कर गेलं

रोमानियात २० डिसेंबरला, इग्नातच्या दिवशी, नाताळसाठी घरचं डुक्कर कापायची जुनी रीत आहे. खेड्यातल्या कुटुंबाची हिवाळ्याची बेगमी त्यात असते. २०१७ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर देशात शिरला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात डॅन्यूबच्या पट्ट्यात पसरला. माणसाला या रोगाचा धोका नाही, पण डुकरांसाठी तो जवळजवळ हमखास मरण आहे. त्या ऑगस्टमध्ये ब्राइला जिल्ह्यातल्या एका मोठ्या फार्मवर सुमारे १ लाख ४० हजार डुकरं मारावी लागली. नंतर परसातल्या डुकरांच्या संख्येवर आणि विक्रीवर बंधनं आली. रोग रोखायला ती हवीच होती, पण गरीब घराचं वर्षाचं मांस आणि थोडी रोख रक्कम दोन्ही गेलं. आज देशात खाल्ल्या जाणाऱ्या डुकराच्या मांसाचा मोठा भाग बाहेरून येतो. मका पिकवणाऱ्या देशाने मका बोटीत भरावा आणि मक्यावर वाढलेलं मांस विकत आणावं, याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

मेंढ्यांतही हेच. स्पेननंतर युरोपीय संघातला सगळ्यात मोठा कळप रोमानियात आहे, पण बरीच जनावरं मिदिया बंदरातून जिवंतच अरब देशांत जातात. नोव्हेंबर २०१९ मध्ये १४ हजारांहून जास्त मेंढ्या घेऊन निघालेलं ‘क्वीन हिंद’ हे जहाज बंदराबाहेरच कलंडलं आणि बहुतेक मेंढ्या बुडाल्या.

पाणी आणि उधारी

कम्युनिस्ट काळात सुमारे ३० लाख हेक्टरवर सिंचनाची व्यवस्था उभारली होती. कालवे, पंप, पाइप सगळं मोठ्या सामूहिक शेतांच्या मापाने. शेतं तुटली तशी व्यवस्थाही तुटली, पाइप आणि पंप भंगारात गेले. आज पाणी मिळतं ते त्याच्या लहानशा भागाला. बारागान मैदानासाठीचा सिरेत-बारागान कालवा कम्युनिस्ट काळात सुरू झाला आणि अजून अर्धवट आहे. (अर्धवट कालव्यांची गोष्ट आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.) २०२०, २०२२ आणि २०२४ अशा तीन वर्षी दुष्काळाने मका आणि सूर्यफूल जाळलं. दक्षिणेला ओल्तेनियात, कलिंगडांसाठी प्रसिद्ध असलेल्या दबुलेनीच्या आसपास, जमीन इतकी रेताड होत चालली आहे की लोक त्या भागाला ‘ओल्तेनियाचं सहारा’ म्हणतात.

दुष्काळाचा फटका मोठ्या आणि मध्यम शेतकऱ्याला पतपुरवठ्यातून बसतो. बियाणं, खत, औषध, डिझेल वितरकाकडून उधारीवर उचलायचं आणि शरद ऋतूत धान्य देऊन फेडायचं, अशी तिथली रीत. एक हंगाम बुडाला की जुनी बाकी नव्या उधारीत मिसळते. दोन बुडाले की वितरक कोर्टात जातो. इथे पीक विमा आणि दीर्घ मुदतीचं कर्ज यांची गरज आहे. सरकार मात्र प्रत्येक दुष्काळानंतर नुकसानभरपाई जाहीर करतं, आणि ती पुढच्या पेरणीच्या आत हातात पडेल याची खात्री नसते.

शेजाऱ्याचं धान्य

युद्धानंतर युक्रेनची बंदरं अडकली, तेव्हा युरोपीय संघाने त्याच्या धान्यावरचं शुल्क हटवलं आणि रस्ते, रेल्वे, डॅन्यूब असे मार्ग मोकळे केले. त्यातलं पुष्कळ रोमानियातून गेलं. २०२३ मध्ये कॉन्स्टांत्सा बंदराने विक्रमी ३ कोटी ६० लाख टन धान्य हाताळलं, त्यातलं सुमारे १ कोटी ४० लाख टन युक्रेनचं होतं. शेजाऱ्याला मदत करायला रोमानियाच्या शेतकऱ्याची ना नव्हती. पण बंदरात आणि ट्रकमध्ये जागा उरली नाही, वाहतूक महागली आणि काही माल पुढे न जाता देशातच विकला गेला. भाव पडले. २ मे ते १५ सप्टेंबर २०२३ या काळात युरोपीय आयोगाने रोमानियासह पाच शेजारी देशांत युक्रेनचा गहू, मका, मोहरीवर्गीय रेपसीड आणि सूर्यफूल विकायला बंदी घातली. माल पुढे नेता येत होता. भरपाई म्हणून पहिल्या हप्त्यात रोमानियाला एक कोटी युरोच्या आसपास मिळाले, पोलंडला त्याच्या तिप्पट. हा फरक तिथे अजून विसरलेले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये ट्रॅक्टर आणि ट्रकच्या रांगा बुखारेस्टच्या वेशीवर आणि सिरेत सीमानाक्यावर उभ्या राहिल्या.

नियमांबद्दलची चीडही त्यात होती. जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने बंदी असलेल्या निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांत बुडवलेल्या बियाण्यांसाठी ‘तातडीच्या’ परवानग्या देणं चूक ठरवलं. मधमाश्यांच्या दृष्टीने निकाल योग्यच. पण मक्याचे कोवळे अंकुर खाणारा भुंगा दक्षिण रोमानियात मोठा आहे, आणि तोच मका सीमेपलीकडे वेगळ्या नियमांत पिकून स्पर्धेला येतो.

युरोपीय संघाच्या सामायिक कृषी धोरणातून २०२३ ते २०२७ साठी रोमानियाला साधारण पंधरा-सोळा अब्ज युरो आहेत. हेक्टरी रक्कम संघाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. शिवाय एक हेक्टरच्या आतल्या शेताला थेट मदत मिळत नाही आणि तुकडाही किमान तीस गुंठ्यांचा असावा लागतो. लाखो लहान शेतकरी इथेच यादीबाहेर पडतात. जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८ नंतरचा आराखडा मांडला, त्यात एका शेताला वर्षाला मिळणाऱ्या थेट मदतीवर एक लाख युरोची कमाल मर्यादा सुचवली आहे. मोठे शेतमालक त्याला विरोध करत आहेत, आणि वाचलेला पैसा लहानांकडे वळवायचा की प्रक्रिया आणि साठवणीला द्यायचा, यावर बुखारेस्टला २०२७ च्या आत ठरवावं लागेल.