वऱ्हाडातील कादंबरीकाराचे उपजीविकेचे प्रश्न : उद्धव ज. शेळके यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतल्यामुळे मोठा वाद झाला आणि अखेर कळंब तालुक्यातील राजूर येथील, आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांच्या हस्ते संमेलनाचे उद्घाटन झाले. कष्टकरी स्त्रीचे जगणे अशा रीतीने साहित्याच्या व्यासपीठावर आले. परंतु मराठी कादंबरीत ते त्याच्या कितीतरी आधी आले होते. उद्धव ज. शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली आणि वऱ्हाडातील कौतिक या स्त्रीचा जीवनसंघर्ष मराठी वाचकांसमोर आला. कौतिकच्या कष्टांची चर्चा समीक्षेने भरपूर केली. ते कष्ट शब्दांत उभे करणाऱ्या लेखकाच्या स्वतःच्या उपजीविकेची चर्चा मात्र क्वचितच झाली. प्रस्तुत निबंधात या दुर्लक्षित बाजूचा विचार केला आहे.

कादंबरीकार आणि उपजीविका : पूर्वपीठिका

केवळ कादंबरीलेखनावर चरितार्थ चालविणे मराठीत प्रारंभापासूनच कठीण राहिले आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध झाली. आपटे पुण्याच्या आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्थाही पाहत. साप्ताहिकाचा अंक ठरल्या दिवशी काढावा लागे. लेखनाला त्यामुळे नियमितता आली, परंतु त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या.

पुढील पिढीतील वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ या काळात शिरोडे येथे शिक्षकाची नोकरी केली व नंतर चित्रपटकथा लिहिल्या. ग. दि. माडगूळकर यांचा चरितार्थही मुख्यतः चित्रपटलेखनावर चालला. १९७३ साली यवतमाळलाच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. अण्णाभाऊ साठे यांच्यापुढे नोकरीचा वा घरच्या आधाराचा पर्याय नव्हता. मुंबईत मिळेल ते काम करीत आणि चळवळीत वावरत त्यांनी लेखन केले. 'फकिरा' (१९५९) या कादंबरीस १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, तरी त्यांचे दारिद्र्य हटले नाही. १९६९ साली, वयाच्या पन्नाशीपूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले ते २००२ साली.

हा प्रश्न केवळ मराठीचा नव्हता. हिंदीत प्रेमचंद यांनी १९२१ साली सरकारी नोकरी सोडली, पुढे बनारसला छापखाना काढला आणि 'हंस' मासिक चालविले. हे दोन्ही उद्योग त्यांना आर्थिकदृष्ट्या जाचकच ठरले. म्हणजे लेखकाने नोकरी धरावी, नियतकालिक काढावे, चित्रपटाकडे वळावे किंवा दारिद्र्य पत्करावे, असे हे मोजके मार्ग होते. शेळके यांनी यांहून वेगळा मार्ग धरला.

शेळके : 'धग' आणि त्यानंतर

उद्धव शेळके (१९३१-१९९२) यांचा जन्म वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचा. त्यांचे पुढील वास्तव्य अमरावतीला होते. 'शिळान' या कथासंग्रहाने त्यांच्याकडे जाणकारांचे लक्ष वेधले व 'धग'ने त्यांना मराठी कादंबरीच्या इतिहासात कायमचे स्थान मिळवून दिले. कौतिकचा नवरा महादेव जातीने शिंपी, परंतु कर्तृत्वहीन. घर सावरण्यासाठी कौतिक राबते, मुलांच्या भवितव्याची स्वप्ने पाहते आणि एकामागून एक आघात सोसते. या कादंबरीतील वऱ्हाडी संवाद हे केवळ प्रादेशिक रंगाचे साधन नाही. पात्रांचा स्वाभिमान, चीड आणि असहायता त्या बोलीतूनच आकार घेतात. पुण्या-मुंबईच्या प्रकाशनव्यवहारापासून दूर असलेल्या प्रदेशाची बोली 'धग'च्या रूपाने मराठी कादंबरीच्या केंद्रस्थानी आली.

'धग'नंतर शेळके यांनी लेखन हेच उपजीविकेचे साधन मानले आणि रंजनप्रधान कादंबऱ्या मोठ्या संख्येने लिहिल्या. समीक्षेने यास गुणवान लेखकाची घसरण मानले. या मताचा विचार करताना काही आर्थिक बाबी ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

आर्थिक वास्तव आणि ग्रंथालये

मराठी कादंबरीची एक आवृत्ती साधारणतः हजारभर प्रतींची असे. उदाहरणादाखल, दहा रुपये किमतीच्या हजार प्रती खपल्या आणि लेखकास शेकडा १५ दराने मानधन मिळाले, असे गृहीत धरले तरी एकूण रक्कम १,५०० रुपये होते. ती आवृत्ती संपण्यास काही वर्षे लागत. 'धग'सारख्या कादंबरीचे चिंतन आणि लेखन दीर्घकाळ चालले, तर त्या काळात घर कशावर चालावे, याचे उत्तर या हिशेबातून मिळत नाही. वर्षाकाठी अनेक पुस्तके लिहिणाऱ्यालाच लेखणीवर जगणे शक्य होते.

अशा पुस्तकांना मागणी होती ती मुख्यतः वाचनालयांची. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. विकत पुस्तक घेणे न परवडणारा तालुक्याच्या गावचा वाचक वर्गणी भरून कादंबरी घरी नेई. एका प्रतीवर अनेकांची वाचनाची भूक भागे, परंतु लेखकाच्या पदरी मानधन पडे ते एकाच प्रतीचे. शेळके यांच्यासारख्या लेखकाची वाचकप्रियता आणि त्याचे उत्पन्न यांचा मेळ बसणे म्हणूनच कठीण होते.

मूल्यमापनाचा प्रश्न

याचा अर्थ शेळके यांच्या सर्वच कादंबऱ्या 'धग'च्या तोलाच्या होत्या असा नाही. गरजेपोटी लिहिलेली कृती गरजेमुळे श्रेष्ठ ठरत नाही आणि कलाकृतीच्या गुणवत्तेचा निर्णय साहित्याच्या निकषांवरच व्हावयास हवा. तथापि कृतीचे मूल्यमापन आणि लेखकाच्या सचोटीविषयीचा निवाडा या दोन भिन्न गोष्टी आहेत. नियमित वेतन मिळविणारा समीक्षक जेव्हा लेखणीवर पोट असणाऱ्या लेखकास 'बाजारू' म्हणतो, तेव्हा दोघांच्या परिस्थितीतील अंतर त्या शब्दाआड लपते. कौतिकची पैशापैशासाठी होणारी ओढाताण समीक्षेने वाङ्मयीन सामर्थ्य म्हणून गौरविली. तीच ओढाताण लेखकाच्या वाट्यास आली, तेव्हा तिला चारित्र्यदोषाचे रूप देण्यात आले. ही विसंगती मराठी समीक्षेने गांभीर्याने तपासणे गरजेचे आहे.

निष्कर्ष :

१. मराठी कादंबरीचा इतिहास केवळ कृती व प्रवृत्तींच्या आधारे लिहिल्यास अपूर्ण राहतो. मानधन, आवृत्ती, नियतकालिके व ग्रंथालये यांचा विचार त्यात अंतर्भूत व्हावयास हवा.

२. शेळके यांच्या उत्तरकालीन लेखनाची मीमांसा करताना व्यक्तिगत घसरणीइतकाच प्रकाशनव्यवहाराच्या रचनेचा विचार आवश्यक आहे.

३. कळंबसारख्या तालुक्याच्या ठिकाणची जुनी वाचनालये या अभ्यासासाठी उपयुक्त ठरू शकतात. देवघेवीच्या नोंदवह्या आणि दाखल-नोंदवह्या उपलब्ध असल्यास कोणती कादंबरी किती वाचली गेली, हे त्यांतून समजू शकेल. अशा नोंदवह्या रद्दीत जाण्यापूर्वी महाविद्यालयीन मराठी व इतिहास विभागांनी त्या जतन करण्याचे काम हाती घ्यावे.

वऱ्हाडाने मराठीला 'धग' दिली. तिच्या कर्त्याचे श्रमही वाङ्मयेतिहासात नोंदले जाणे, हे त्या कादंबरीचे ऋण मान्य करण्याचा एक मार्ग आहे.