बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

पक्षी नीट ओळखावयाचा तर पूर्वीं तो बंदुकीनें पाडून हातीं घ्यावा लागे. १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेंत अशीं कातडीं जमत. बालपणीं छऱ्याच्या बंदुकीनें मारलेली चिमणी ओळखण्यासाठींच सालिम अली प्रथम तेथें गेले. पुढें बंदुकीची जागा कॅमेऱ्यानें घेतली. ट्रॉम्बेच्या खाडींत रोहित, कुरव, सुरय यांचीं छायाचित्रें भरतीच्या वेळेवर अवलंबून असतात. पाणी चढलें कीं चिखलाची पट्टी अरुंद होते व पक्षी कांठाजवळ येतात; कोणी उतावीळपणें पुढें सरसावला कीं थवा उडतो, पक्ष्यांचें चरणें मोडतें. याच खाडीचा वरचा भाग २०१५ सालीं रोहितांसाठीं अभयारण्य ठरला. बंदूक कायद्यानें आवरली. कॅमेऱ्यास आवरील तो धरणाऱ्याचा संयमच.