कक्षसेवक : रुग्णसेवेच्या इतिहासातील शेवटची पायरी

रुग्णालयाचा इतिहास लिहिताना संस्थापकांची, देणगीदारांची आणि नामांकित डॉक्टरांची नावे आवर्जून लिहिली जातात. दगडी कोनशिलेवरही तीच कोरलेली असतात. परंतु रुग्णाला कुशीवर वळवणारा, त्याचे अंग पुसणारा, बेडपॅन देणारा आणि उचलणारा, स्ट्रेचर ढकलणारा आणि अखेरीस मृतदेह शवागारापर्यंत पोहोचवणारा माणूस त्या इतिहासात सहसा सापडत नाही. सरकारी कागदावर तो ‘कक्षसेवक’ असतो. व्यवहारात त्याला वॉर्डबॉय आणि तिला आया म्हणतात. रुग्ण मात्र त्यांना मामा आणि मावशी म्हणतात. या नात्याच्या नावामागे केवढा इतिहास दडला आहे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

आपल्या किनाऱ्यावरील या इतिहासाचे एक जुने पान गोव्यात आहे. ६ मे १५४२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. पोपचे प्रतिनिधी या नात्याने त्यांना मोठ्या वाड्यात राहता आले असते. त्यांनी रुग्णालयात बिऱ्हाड केले आणि अत्यवस्थ रुग्णाच्या शेजारी जमिनीवर ते झोपू लागले. त्याच शतकात रोम येथे संत कमिल्लस (१५५०–१६१४) यांनी वेगळ्या वाटेने हेच काम हाती घेतले. पायाच्या न भरणाऱ्या जखमेसाठी ते सान जाकोमो रुग्णालयात आले आणि तेथेच नोकर म्हणून राहिले. पगारी नोकर रुग्णांची किती हेळसांड करतात, हे त्यांनी आतून पाहिले. पुढे त्यांनी रुग्णसेवकांचा संघ उभारला. त्यांच्या झग्यावरील तांबडा क्रूस आजही त्या संघाची खूण आहे. रुग्णांचा हा आश्रयदाता संत आरंभी आपल्या वॉर्डबॉयच्याच पायरीवर उभा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात या कामाची खरी कसोटी लागली ती प्लेगच्या काळात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर ख्रिस्ती डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. लवकरच रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेण्याचे सत्र सुरू झाले. लोक इतके भयभीत झाले, की त्याच ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लोकांचे भय केवळ मरणाचे नव्हते. आपल्या माणसाला तेथे पाणी कोण पाजणार, शिजवणार कोण, अंगाला हात कोणाचा लागणार, हे प्रश्न त्यांना छळत होते. म्हणूनच पुढे निरनिराळ्या जातींनी आणि धर्मपंथांनी आपापली स्वतंत्र प्लेग रुग्णालये काढली. दुसरीकडे शहरातील सफाई कामगार, ज्यांना तेव्हा हलालखोर म्हणत, भीतीने गाव सोडून जातील या धास्तीने पालिकेला आपली सक्ती सैल करावी लागली. ज्यांचा स्पर्श नको, त्यांच्यावाचून शहर एक दिवसही चालत नव्हते.

या पार्श्वभूमीवर पुण्याची घटना उठून दिसते. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणले. त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची थोर शिक्षिका म्हणून आपण योग्यच आठवण ठेवतो. पण आयुष्यातील त्यांचे शेवटचे काम रुग्णाला वाहून नेण्याचे, म्हणजे आजच्या भाषेत कक्षसेवकाचे होते.

पुढच्या काळात परिचारिकांच्या कामाला शिक्षण, गणवेश आणि मान मिळाला. तो त्यांनी कष्टाने मिळवला. सफाईचे व उचलठेवीचे काम मात्र जन्माने ज्यांच्या वाट्याला आले होते, बहुतांशी त्यांच्याकडेच राहिले. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरला. वॉर्डाचे दार सर्वांना उघडले. पण वॉर्डातील झाडू कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न कायद्याच्या एका कलमाने सुटण्यासारखा नव्हता.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. रावेर हा सातपुड्याच्या पायथ्याचा, केळीच्या बागांचा आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरचा तालुका. येथील ग्रामीण रुग्णालयात शेतमजूर येतात, पालच्या बाजूचे तडवी आणि पावरा बांधव येतात. दुखणे बळावले, की जळगावची वाट धरावी लागते. त्या जळगावच्या शासकीय रुग्णालयात जून २०२० मध्ये जे घडले, ते आपण विसरता कामा नये. करोना झालेली ८२ वर्षांची एक वृद्धा २ जूनपासून वॉर्डातून बेपत्ता झाली. घरच्यांनी शोधले, पोलिसांकडे तक्रार झाली. १० जून रोजी त्याच वॉर्डाच्या शौचालयात तिचा मृतदेह मिळाला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले. दोष कोणाचा किती, हा चौकशीचा भाग झाला. इतिहासाने विचारावयाचा प्रश्न साधा आहे. तेथे डॉक्टर होते, औषधे होती, खाटा होत्या. पण ‘आजी, कुठे निघालात?’ असे विचारून हात धरणारी मावशी तेथे नव्हती. शौचालयाचे दार रोज उघडून पाहणारा मामा नव्हता. साखळीची शेवटची कडी निसटली, आणि वरच्या साऱ्या कड्या असून नसल्यासारख्या झाल्या.

त्याच वर्षी २६ मार्च रोजी केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमासंरक्षण जाहीर केले, तेव्हा त्या यादीत डॉक्टर आणि परिचारिका यांच्याबरोबर सफाई कर्मचारी आणि वॉर्डबॉय यांचाही स्पष्ट उल्लेख होता. संकटात त्यांची आठवण झाली, हे चांगलेच झाले. एरव्ही मात्र ही कामे अनेक ठिकाणी ठेकेदारामार्फत, अल्प वेतनावर व उद्याची शाश्वती नसताना करून घेतली जातात.

येथे चांगल्या शोमरोनीचा दाखला आठवतो. शोमरोनी माणसाने जखमा बांधल्या, जखमी प्रवाशाला उतारशाळेत नेले आणि एक रात्र त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने गेला. त्यापुढचे दिवस त्या जखमी माणसाला पाणी कोणी दिले, त्याचे अंथरूण कोणी बदलले? उतारशाळेच्या रखवालदाराने. त्याच्यावर प्रवचने फारशी होत नाहीत. पण शोमरोनी त्याला नुसते सेवाभावाचे धडे देऊन गेला नाही. त्याने दोन दीनार हाती ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन, असा शब्द दिला. दया आणि मोबदला यांत त्याला विरोध दिसला नाही.

कमिल्लस यांनी सेवकांच्या अंतःकरणाकडे लक्ष वेधले, तर शोमरोनीने त्यांच्या हक्काच्या मोबदल्याकडे. दोन्ही हवेत. आपल्या घरातील कोणी रुग्णालयातून बरे होऊन येते, तेव्हा आपण डॉक्टरांना पेढे देतो, परिचारिकांचे आभार मानतो. वॉर्डातून निघताना मामांचे आणि मावशींचे नाव विचारून घ्यावे. आणि आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात कक्षसेवकांच्या जागा किती, भरलेल्या किती, त्यांचे वेतन वेळेवर होते की नाही, हेही विचारावे. ज्याच्या हाती आपण आपला असहाय देह सोपवतो, त्याच्याविषयी एवढे जाणून घेणे हे आपले कर्तव्यच आहे.