थंड प्लगची कुळकथा

स्पेअर पार्टच्या दुकानात एनजीके कंपनीचे दोन स्पार्क प्लग शेजारी शेजारी ठेवले, तर सराईत मेकॅनिकलाही ते नुसते बघून वेगळे सांगता येत नाहीत. एकावर बीकेआर६ई छापलेलं असतं, दुसऱ्यावर बीकेआर७ई. ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, ‘के’ म्हणजे १६ मिलिमीटरच्या पान्याचा षटकोन. ‘आर’ म्हणजे रेडिओत खरखर येऊ नये म्हणून आत बसवलेला रेझिस्टर आणि ‘ई’ म्हणजे आट्यांची १९ मिलिमीटर लांबी. हे सगळं दोन्हींत सारखंच. उरतो तो मधला आकडा. प्लग उलटा धरून त्याच्या तोंडात डोकावलं की त्या आकड्याचा अर्थ दिसतो. मधल्या इलेक्ट्रोडला कवेत घेणारं इन्सुलेटरचं पांढरं नाक सातच्या प्लगमध्ये आखूड असतं.

टर्बो इंजिनासाठी कोणता प्लग घ्यायचा, याचं निम्मं उत्तर या नाकात आहे.

सिलिंडरमधल्या जाळाची धग आधी या नाकाला लागते. तिथून ती प्लगच्या लोखंडी अंगात, अंगातून सिलिंडर हेडमध्ये आणि हेडमधून कूलंटमध्ये जाते. नाक लांब असेल तर उष्णतेचा रस्ता लांब होतो आणि टोक तापलेलं राहतं. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन निघून जाते. हा थंड प्लग. टोकाचं तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं, तर त्यावर बसलेली काजळी जळून जात नाही आणि वीज ठिणगी न पाडता त्या काजळीवरूनच निसटते. ते ८५० ते ९५० अंशांवर गेलं, तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवून देतं. हेच प्री-इग्निशन. यात पिस्टन वितळून त्याला भोक पडायला फार वेळ लागत नाही. ठिणगीच्या जोराचा मात्र या थंड-गरमपणाशी काही संबंध नाही. थंड प्लगची ठिणगी कमजोर असते, हा निव्वळ गैरसमज आहे.

पहिल्या इंजिनांना ही काळजी नव्हती. १८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लेनोआरने आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली, पण ते इंजिन संथ आणि दुबळं होतं. १८७६ मध्ये निकोलाउस ऑटोने फोर-स्ट्रोक इंजिन चालवलं, तेही सुरुवातीला ज्योतीवर. गॉटलिब डाइमलरने बाहेरून तापवलेली नळी वापरली. कार्ल बेन्झने १८८६ च्या गाडीत विजेचा मार्ग धरला, तरी भरवशाची ठिणगी मिळायला पुढे बराच काळ जावा लागला. १९०२ मध्ये श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडीचा प्लग तयार केला. आजचा प्लग त्याचा थेट वंशज आहे.

अमेरिकेत या धंद्याला चालना दिली ती एका सायकलपटूने. आल्बेर शांपियों हा १८९९ ची पॅरिस-रूबे शर्यत जिंकलेला फ्रेंच माणूस. अमेरिकेत तो आल्बर्ट चॅम्पियन म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १९०५ साली बोस्टनमध्ये त्याने आपल्या नावाची कंपनी काढली. पुढे भागीदारांशी फारकत झाली आणि १९०८ मध्ये तो फ्लिंट शहरात गेला. नाव जुन्या कंपनीकडे राहिलं, म्हणून त्याने नव्या प्लगवर आपली आद्याक्षरं टाकली. एसी आणि चॅम्पियन या दोन नामांकित प्लगांच्या मुळाशी असा एकच माणूस आहे.

प्लगच्या उष्णतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला तो शर्यतीच्या मैदानावर आणि विमानात. या इंजिनांत चिनी मातीचं इन्सुलेटर तडकायचं. केनेल्म ली गिनेस हा ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर या दुखण्याला इतका वैतागला, की पहिल्या महायुद्धाआधीच तो अभ्रकाच्या चकत्यांचं इन्सुलेटर असलेले प्लग स्वतःच बनवू लागला. त्याच्या आद्याक्षरांवरून ते केएलजी म्हणून ओळखले गेले. १९२२ मध्ये ब्रुकलँड्सवर सनबीम गाडीत त्याने ताशी सुमारे २१५ किलोमीटरचा विक्रम केला. अभ्रकाच्या त्या काळात उत्तम तावांचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून, विशेषतः आजच्या झारखंडमधल्या कोडरमा भागातून होत असे. पुढे इंधनात शिशाचं संयुग मिसळलं जाऊ लागलं आणि अभ्रक त्यापुढे टिकेना. १९३० च्या दशकात भट्टीत भाजलेलं ॲल्युमिना आलं. ते तडकत नाही, वीज अडवतं आणि चिनी मातीपेक्षा कितीतरी झपाट्याने उष्णता वाहून नेतं. आजही प्लगचं पांढरं अंग त्याचंच असतं.

प्लगची उष्णता मोजायची कशी, यावर बॉशने काढलेला तोडगा रांगडा पण चोख होता. चाचणीच्या इंजिनात प्लग लावायचा, इंजिन जोरात चालवायचं आणि टोक लाल होऊन आपोआप पेट घ्यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. तोच प्लगचा आकडा. डब्ल्यू१७५ पेक्षा डब्ल्यू२२५ जास्त वेळ तग धरायचा, म्हणजे तो जास्त थंड. १९५१ मध्ये बंगळुरात मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, सुरू झाली आणि हीच पद्धत भारतात रुजली. नाशिककरांना हे नाव मायको सर्कलमुळे ठाऊक आहे, मात्र सातपूरच्या कारखान्याचं काम डिझेलच्या नॉझल-इंजेक्टरचं होतं.

नंतर बॉशने आकडे एकेरी केले आणि त्यांची दिशाही फिरवली. साधारणपणे १७५ चा ७ झाला आणि २२५ चा ५. त्यामुळे आज बॉश आणि चॅम्पियनमध्ये लहान आकडा थंड, तर एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा थंड. एका कंपनीचा आकडा पाहून दुसरीचा प्लग उचलणाऱ्याची इथेच फसगत होते.

टर्बोची कुळी वेगळी. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने एक्झॉस्टच्या वायूवर फिरणाऱ्या टर्बाइनने इंजिनात हवा कोंबायच्या कल्पनेचं पेटंट घेतलं ते १९०५ सालीच. बाजारातल्या मोटारीत ती उतरायला १९६२ उजाडलं. त्या वर्षी ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर स्पायडर या गाड्या आल्या. जेटफायरच्या साडेतीन लिटर व्ही-८ इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.२५ होतं. नॉकिंग रोखायला त्यात पाणी आणि मेथनॉलचं मिश्रण फवारावं लागे. मालक ते भरायला विसरत आणि दुसऱ्याच वर्षी गाडी बंद झाली. १९७७ मध्ये रेनॉने दीड लिटरचं टर्बो इंजिन फॉर्म्युला वनमध्ये उतरवलं. त्याच वर्षी साबने ९९ टर्बो दाखवली आणि रोजच्या वापरातली टर्बो गाडी शक्य आहे हे पटवून दिलं.

टर्बो प्लगला दोन बाजूंनी कोंडीत पकडतो. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन आणि जास्त धग. ही झाली पहिली बाजू. तिच्यावर उपाय थंड प्लग. दुसरी बाजू दाबाची. फ्रीडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवलं, की ठिणगी पडायला लागणारं व्होल्टेज वायूचा दाब आणि दोन टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. टर्बोने दाब वाढवला, तर कॉइलच्या आवाक्यात राहण्यासाठी अंतर कमी करावं लागतं. म्हणून साध्या इंजिनात हे अंतर, म्हणजे गॅप, १.१ मिलिमीटर चालते, तिथे टर्बोत ती बहुधा ०.७ ते ०.८ असते. ओव्हरटेक करताना पूर्ण पेडल दाबल्यावरच गाडी अडखळत असेल, तर अनेकदा दोष झिजून रुंदावलेल्या गॅपचा असतो.

इरिडियमने इथे मोठी मदत केली. हा धातू २,४४६ अंशांना वितळतो, निकेल १,४५५ अंशांना. त्यामुळे मधला इलेक्ट्रोड ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतका बारीक करता आला आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला पडते.

महाराष्ट्रात आता हा विषय घरोघरी पोहोचलाय. चाकणमध्ये बनलेल्या फोक्सवॅगन पोलोला २०१३ मध्ये टीएसआय इंजिन मिळालं, २०१४ मध्ये टाटा झेस्टमध्ये टर्बो पेट्रोल रेव्होट्रॉन आलं आणि २०१७ पासून रांजणगावात नेक्सॉन बनू लागली.

या गाड्यांच्या मालकांनी कंपनीने सांगितलेलाच प्लग घ्यावा, कारण टर्बोचा हिशेब धरूनच तो निवडलेला असतो. ट्यूनिंग करून बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवला असेल, तर एक पायरी थंड जावं. सुमारे ७५ ते १०० अश्वशक्ती वाढली की एक पायरी, हा जाणकारांचा अंदाज. न वाढवता उगाच थंड प्लग लावला, तर सिंहगड रस्त्याच्या कोंडीत रोज रांगणाऱ्या गाडीचा प्लग काजळणारच. नव्या प्लगचीही गॅप फिलर गेजने तपासावी, ती बदलायची झाल्यास बाजूचाच इलेक्ट्रोड वाकवावा, इरिडियमच्या टोकाला गेज टेकवून जोर देऊ नये. आणि प्लग टॉर्क पान्याने कंपनीच्या मापानुसारच आवळावा. वॉशर असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये ते साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर असतं. ढिला राहिलेला प्लग हेडला उष्णता देऊ शकत नाही, मग त्यावर आकडा कितीही थंड छापलेला असो.