पाळी लांबली, काय कारण असेल? कधी थांबायचं आणि कधी दवाखाना गाठायचा, वाचा सविस्तर

पाळीची तारीख चार-पाच दिवस पुढे गेली की घरात कुजबुज सुरू होते. लग्न झालेलं असेल तर "दिवस गेले असतील" म्हणतात, लग्न झालेलं नसेल तर मुलगी कुणाला सांगतच नाही. पाळी लांबण्याची कारणं अनेक आहेत. बहुतेक साधी असतात, पण काही वेळा उशीर करणं जिवावर बेतू शकतं.

पाळी लांबली असं कधी म्हणायचं?

पाळी सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. हे अंतर २१ ते ३५ दिवस असेल तर ते नॉर्मल आहे. प्रत्येकीला २८ दिवसांनीच पाळी येते असं नाही. वयात आलेल्या मुलींना पहिली दोन-तीन वर्षं ४५ दिवसांपर्यंत अंतर पडू शकतं. नेहमीच्या तारखेपेक्षा एक आठवडा उलटला की पाळी लांबली असं समजावं. त्यासाठी कॅलेंडरवर दर महिन्याला खूण करून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तारखेचाच विचारतात.

आधी गरोदरपणाची तपासणी

नवऱ्याशी किंवा जोडीदाराशी संबंध आला असेल तर आधी गरोदरपणाची तपासणी करावी. ऑपरेशन झालंय, तांबी बसवलीय, गोळ्या चालू आहेत, तरीही करावी. कोणताही उपाय शंभर टक्के नसतो. आशाताईंकडे 'निश्चय' किट मोफत मिळतं. मेडिकलमध्येही किट मिळतं. सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासणी करा. दोन रेघा आल्या, त्यातली एक फिकट असली तरी, दिवस गेलेत असं समजावं. एकच रेघ आली आणि पाळी आलीच नाही, तर आठवड्याने परत तपासा.

मूल अंगावर पीत असताना पाळी येत नाही, म्हणून दिवस जाणार नाहीत असं अनेक जणी धरून चालतात. हे धोक्याचं आहे. बाळंतपणानंतर पाळी सुरू होण्याआधीही दिवस जाऊ शकतात.

इतर कारणं कोणती?

ताण आणि अतिकष्ट: परीक्षा, घरातलं भांडण, कर्जाची चिंता, दुखवटा, मोठं आजारपण, अचानक बदललेली झोप यामुळे पाळी पुढे जाते. पोटभर जेवण नाही आणि काम मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत, अशा वेळी शरीर आपोआप पाळी लांबवतं.

वजन: वजन एकदम घटलं किंवा वाढलं तरी पाळीवर परिणाम होतो.

पीसीओडी: पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर केस, चेहऱ्यावर पुरळ, मानेवर काळपटपणा, वाढतं वजन, ही याची लक्षणं. वजन जास्त असलेल्यांनी थोडं जरी कमी केलं तरी अनेकींची पाळी सुधारते. मात्र दुर्लक्ष केलं तर पुढे साखरेचा आजार आणि मूल होण्यात अडचण येऊ शकते.

थायरॉईड: थकवा, सूज, केस गळणं, थंडी सहन न होणं यासोबत पाळी बिघडली असेल तर रक्ताची साधी तपासणी पुरते. मूल पीत नसताना स्तनातून दूध येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

औषधं: सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी मिळणारं 'अंतरा' इंजेक्शन घेतल्यावर पाळी कमी होते किंवा बंद होते. यात घाबरण्यासारखं नाही, रक्त कुठे साठत नाही. इंजेक्शन थांबवल्यावर पाळी नियमित व्हायला काही महिने लागतात. 'छाया' गोळीनेही सुरुवातीला पाळी लांबते. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायच्या गोळीने तारीख मागेपुढे होते. गौरी-गणपती, लग्न किंवा वारीसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या अनेक जणी मेडिकलमधून थेट आणतात. त्या बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. आली नाही तर गरोदरपणाची तपासणी करा. सारख्या आणि न विचारता या गोळ्या घेऊ नका.

वय: पंचेचाळिशीच्या आसपास पाळी मागेपुढे होत बंद होते. मात्र चाळिशीच्या आत बंद झाली तर तपासणी हवीच.

पोटातला टीबी: गर्भपिशवीला टीबी झाला तरी पाळी कमी होते किंवा थांबते. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हे करू नका

पपई, तीळ-गूळ, काढे यांनी थांबलेली पाळी नक्की येते याला पुरावा नाही. खायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर महिना घालवू नका.

मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून घेणं सगळ्यात धोक्याचं. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर गोळ्यांचा उपयोग होत नाही, नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो. भारतात ठरावीक आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे. सरकारी रुग्णालयात ही सेवा मिळते. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही. लग्न झालेलं नसलं तरी हक्क तोच, आणि नाव गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे.

पाळी बिघडली म्हणून लगेच पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर थांबा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला होता. पाळी लांबणं हे पिशवी काढण्याचं कारण नाही. सरकारी रुग्णालयात दुसरा सल्ला घ्या.

दवाखान्यात कधी जायचं?

- नियमित पाळी सलग तीन महिने आली नाही
- आधीपासून अनियमित असलेली पाळी सहा महिने आली नाही
- मुलीला १५ वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही
- पाळी वर्षभर बंद राहून परत रक्त दिसलं
- किटवर दोन रेघा आल्या

वाट पाहू नका, लगेच १०८ ला फोन करा

पाळी चुकलेली असताना ओटीपोटात, खास करून एका बाजूला जोरात दुखणं, चक्कर, घाम, खांद्यात कळ, अंगावरून रक्त जाणं, ही नळीतल्या गर्भाची लक्षणं असू शकतात. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

पहिलं पाऊल कुठे?

गावातल्या आशाताई किंवा उपकेंद्रातल्या नर्सताईंशी बोला. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी आणि हिमोग्लोबिन तपासलं जातं. सोनोग्राफी लागली तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवतात. गरोदर महिलांची दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. जाताना शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

घरच्यांनीही एक लक्षात ठेवावं. मुलीने पाळी चुकल्याचं सांगितलं तर आधी ऐकून घ्या, मग बोला. भीतीपोटी लपवलेल्या पंधरा दिवसांतच साधी गोष्ट अवघड होऊन बसते.