सीसीएनएची मुदत संपत आलीय? नूतनीकरणासाठी कोणती परीक्षा द्यावी

डहाणू रोडहून लोकलने विरारपलीकडे नोकरीला जाणारी, बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत किंवा तलासरीहून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत नेटवर्क सांभाळणारी आपली मुलं-मुली सीसीएनएच्या जोरावर कामाला लागतात. काही जण पुढे आखातात जातात. घरात समज असा असतो की डिग्रीसारखं हे सर्टिफिकेटही एकदा मिळालं की कायमचं. तसं नाही. सिस्कोचं सीसीएनए ३ वर्षंच चालतं. नवीन कंपनी ऑनलाइन पडताळणी करते तेव्हा मुदत संपल्याचं दिसलं, तर हातातली ऑफर अडकू शकते.

मुदत उलटल्यावर सिस्को जादा दिवस देत नाही. मुदतीच्या आत नूतनीकरणाचे अनेक रस्ते असतात. मुदत संपल्यावर सीसीएनएची परीक्षा पुन्हा द्यायची, एवढा एकच उरतो. सीसीएनपी असणाऱ्यांचं नुकसान आणखी मोठं, कारण त्यांना दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. म्हणून कोणती परीक्षा द्यायची हा निर्णय वेळेत घ्यायला हवा.

मुदतीच्या आतले रस्ते

सीसीएनएधारकांसाठी मुख्य रस्ते चार.

१. सीसीएनएचीच परीक्षा, क्रमांक २००-३०१. वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर.

२. सीसीएनपी स्तरावरची एका विषयापुरती परीक्षा, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन. वेळ ९० मिनिटं, फी ३०० डॉलर.

३. सीसीएनपीची कोअर परीक्षा. वेळ १२० मिनिटं, फी ४०० डॉलर.

४. परीक्षा न देता ३० क्रेडिट जमवणे. सिस्कोने मान्य केलेले कोर्स आणि प्रशिक्षण पूर्ण केलं की क्रेडिट मिळतात. बरेच कोर्स महाग आहेत, पण सिस्को अधूनमधून काही कोर्स मोफत खुले करते. त्यावर लक्ष ठेवा.

फी डॉलरमध्ये आहे, कर वेगळा. बुकिंगच्या आधी सिस्कोच्या साइटवर रक्कम एकदा बघून घ्या. तिन्हीपैकी कुठलीही परीक्षा पास झालात की सीसीएनए त्या दिवसापासून आणखी ३ वर्षं वाढतं.

कोणी कोणती द्यावी?

जुनीच परीक्षा सोपी, असं धरून बरेच जण २००-३०१ कडे वळतात. ज्याचं रोजचं काम नेटवर्कपासून थोडं दूर गेलंय आणि ज्याला पाया पुन्हा पक्का करायचाय, त्याच्यासाठी ती ठीक आहे. पण जुन्या वह्यांवर विसंबू नका. २० ऑगस्ट २०२४ पासून या परीक्षेचा सुधारित अभ्यासक्रम लागू आहे. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि क्लाउडवरून नेटवर्क चालवण्याचे मुद्दे आले आहेत.

जो रोज स्विच आणि राउटरवर हात चालवतो, त्याला आम्ही ३५०-४०१ ही कोअर परीक्षा सुचवू. १०० डॉलर जास्त जातात, अभ्यासही जास्त. पण ती पास झाली की सीसीएनए वाढतं आणि सीसीएनपी एंटरप्राइझचं अर्धं काम होतं. पुढच्या ३ वर्षांत ३००-४१० सारखी एक कॉन्सन्ट्रेशन पास केली की सीसीएनपी हातात येतं, आणि त्याच निकालाने सीसीएनएही पुन्हा वाढतं. एकाच खर्चात दोन कामं होतात ती इथेच.

३००-४१० आधी दिली तर चालते का? चालते. फी सीसीएनएइतकीच आहे. मात्र तिच्यात राउटिंगमधले बिघाड शोधून दुरुस्त करायचे असतात. ज्याचा त्यात रोजचा सराव नाही, त्याने तिच्या वाटेला आधी जाऊ नये. फायरवॉल आणि सुरक्षेच्या कामात शिरायचं असेल तर ३५०-७०१ ही सिक्युरिटीची कोअर परीक्षा घ्या. तिनेही सीसीएनए वाढतं.

जे आता क्लाउडकडे वळलेत, त्यांनी सीसीएनएवर पुन्हा खर्च करायचा का, हे आधी ठरवावं. मायक्रोसॉफ्टची असोसिएट सर्टिफिकेट १ वर्ष चालतात. मुदतीच्या ६ महिने आधीपासून घरबसल्या, मोफत, पुस्तक समोर ठेवून नूतनीकरणाची चाचणी देता येते. एडब्ल्यूएसची ३ वर्षं चालतात, आणि सोल्युशन्स आर्किटेक्टमध्ये प्रोफेशनल पास केलं की खालचं असोसिएटही वाढतं.

बुकिंग करताना

नापास झालात तर फी गेली, आणि सिस्कोची तीच परीक्षा पुन्हा द्यायला ५ दिवस थांबावं लागतं. दुसऱ्या प्रयत्नाला जागा राहावी म्हणून पहिली तारीख मुदतीच्या किमान २ महिने आधीची घ्या.

नावाकडे खास लक्ष द्या. आपल्याकडे पासपोर्टवर 'मोहम्मद' पूर्ण, दुसऱ्या कागदावर 'मोहद', तिसऱ्यावर वडिलांचं नाव मध्ये, असे प्रकार घरोघरी आहेत. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव इंग्रजी स्पेलिंगसकट जुळलं नाही, तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि फीही बुडते. दुरुस्ती बुकिंगच्या आधी करा.

परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर किंवा घरून देता येते. घरून द्यायची तर बंद खोली लागते, टेबल रिकामं हवं आणि मध्ये कुणीही आत येता कामा नये. भरल्या घरात अम्मी किंवा लहान भावंडं सहज डोकावली तरी पेपर रद्द होऊ शकतो. पावसाळ्यात वीज-इंटरनेटचा भरवसा नसेल तर प्रवास पत्करा, केंद्रावर जा. केंद्र लांब असेल तर आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्काम केलेला बरा. शुक्रवार आला तर जुम्याची वेळ सोडून स्लॉट घ्या. रोज्यात दुपारी थकवा येत असेल तर सकाळची वेळ निवडा.

शेवटचं. फुटलेले प्रश्नसंच विकणारे किंवा 'तुमच्या जागी आम्ही पेपर देतो' म्हणणारे भेटतात. त्यांना पैसे देऊ नका. हे उघड झालं तर सिस्को सर्टिफिकेट रद्द करून पुढच्या परीक्षांवर बंदी घालू शकते, आणि मेहनतीने मिळवलेलं नावही जातं.

आज एवढंच करा: सिस्कोच्या खात्यात लॉगिन करून आपली मुदतीची तारीख बघा. मग पुढची ३ वर्षं कोणतं काम करायचंय ते ठरवा. परीक्षा त्या कामाची निवडा.