गळ्याभोवतीची काळी पट्टी

परवा भाची चार दिवस राहायला आली होती. बाथरूममधल्या फळीवरचं माझं खोबरेल तेल आणि व्हॅसलीनची डबी कोपऱ्यात ढकलली गेली आणि पुढे तिच्या छोट्या छोट्या बाटल्या येऊन बसल्या. नाकात घालायच्या औषधाला असतो तसला ड्रॉपर असलेल्या. याला सीरम म्हणतात हे मला माहीत होतं, तेवढी काही मी मागासलेली नाही. पण एका बाटलीवरचं नाव वाचून मी दात घासता घासता थांबले. 'नायसिनामाइड १० टक्के'.

"मावशी, हे मला सूट होईल का गं? एकजण म्हणते तेलकट त्वचेला चांगलं, दुसरी म्हणते कोरड्या, तिसरी म्हणते कुणालाही चालतं."

मी म्हटलं, उत्तर देते, पण आधी एक लांबलचक गोष्ट ऐकावी लागेल. तिने लगेच फोन उचलला. म्हणून ती गोष्ट इथे लिहिते आहे.

हे नाव मला त्वचेच्या दुकानातून नाही, आजीच्या एका आठवणीमुळे माहीत झालं. पण आजीकडे जरा वळसा घालून जाऊ.

१७३५ साली स्पेनच्या उत्तरेकडच्या आस्तुरियास भागात गास्पार कासाल नावाच्या डॉक्टरने गरीब शेतकऱ्यांमध्ये एक विचित्र रोग पाहिला. हातापायांवर आणि गळ्याभोवती लालसर चट्टे उठायचे, मग ते काळे, जाड, खवल्यांचे व्हायचे. गळ्याभोवतीचा चट्टा तर हार घातल्यासारखा दिसायचा. आजही वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला 'कासालचा हार' म्हणतात. स्थानिक लोक या रोगाला गुलाबाचा रोग म्हणत. इतक्या भयंकर गोष्टीला इतकं सुंदर नाव! १७७१ साली इटलीत फ्रापोली या डॉक्टरने लोकांच्याच बोलीतलं दुसरं नाव नोंदवलं, 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी. चट्ट्यांमागून जुलाब लागायचे, त्यामागून डोकं फिरायचं आणि पुष्कळदा त्यानंतर मरण.

कासालच्या लक्षात आलं होतं की हे लोक जवळजवळ मक्यावरच जगतात. मका अमेरिकेतून युरोपात आला होता. मेक्सिकोकडचे लोक शतकानुशतकं मका चुनखडीच्या पाण्यात शिजवून मग वाटत. त्यामुळे त्यातलं घट्ट बांधलेलं जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपने दाणा नेला, ती रीत मात्र तिथेच राहिली. त्यांच्या स्वयंपाकघरात कुणी डोकावलंच नसावं.

गोष्टीतला खरा माणूस पुढे येतो. जोसेफ गोल्डबर्गर. मूळचा ऑस्ट्रिया-हंगेरीतला ज्यू, लहानपणी अमेरिकेत आलेला, सरकारी आरोग्य खात्यातला डॉक्टर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्राने थैमान घातलं होतं. १९०६ ते १९४० या काळात सुमारे तीस लाख लोकांना तो झाला आणि एक लाखाच्या आसपास माणसं गेली, असा अंदाज सांगतात. सगळ्यांचं मत होतं की हा संसर्गजन्य रोग आहे. १९१४ साली गोल्डबर्गरला तिकडे धाडलं गेलं. त्याने अनाथाश्रम पाहिले, वेड्यांची इस्पितळं पाहिली, आणि त्याला एक साधी गोष्ट दिसली. रोग आश्रितांना होतो, त्यांच्यात दिवसरात्र वावरणाऱ्या परिचारिकांना होत नाही. जंतू असा माणसाचा हुद्दा बघून कसा काय धरेल?

त्याने मिसिसिपीतल्या दोन अनाथाश्रमांत मुलांना दूध, अंडी, मांस, शेंगा द्यायला लावल्या. रोग नाहीसा झाला. तरी लोकांना पटेना. मग १९१५ साली त्याने उलटा प्रयोग केला. मिसिसिपीच्याच एका तुरुंगाच्या शेतावरचे कैदी, सुटकेच्या बोलीवर तयार झालेले. त्यांना मका, भात, रताळी, काकवी असं पोटभर पण निकस खायला दिलं. काही महिन्यांत अकरापैकी सहा जणांच्या अंगावर चट्टे उठले. शब्द दिल्याप्रमाणे कैदी सुटले. (हा प्रयोग आज कुणी करू धजणार नाही, आणि करूही नये. सुटकेचं आमिष दाखवून मिळवलेली संमती ही कसली संमती?) तरीही विरोधक म्हणाले, संसर्ग नसेलच असं नाही. तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गरने आणि त्याच्या सोबत्यांनी रोग्यांचं रक्त टोचून घेतलं, त्यांच्या खपल्या आणि मलमूत्र पिठाच्या गोळ्यांत कालवून गिळलं. त्याची बायको मेरी हिनेही रक्ताचं इंजेक्शन घेतलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही.

मला त्याची पुढची पायरी जास्त मोठी वाटते. साउथ कॅरोलायनातल्या गिरणी कामगारांच्या वस्त्यांमध्ये त्याने आणि एडगर सायडेनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाने घरोघरचं उत्पन्न आणि ताट तपासलं. जितकं उत्पन्न कमी, तितका पेलाग्रा जास्त. जमीनदार दारापर्यंत कापूस लावायचे, भाजीला आणि गाईला जागाच नाही. म्हणजे रोग कातडीवर दिसत होता आणि त्याचं मूळ मजुरीत होतं. हे ऐकायला कुणाला आवडतं? १९२१ साली राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी दक्षिणेतल्या पेलाग्राबद्दल काळजी बोलून दाखवली, तर तिथले पुढारी उलट अपमान झाला म्हणून भडकले. आपल्याकडे दुष्काळाला 'टंचाई' म्हणतात त्याची आठवण झाली.

गोल्डबर्गर १९२९ साली गेला. यीस्टने रोग बरा होतो हे त्याला सापडलं होतं, पण त्यातला नेमका पदार्थ सापडला नव्हता. तो १९३७ साली विस्कॉन्सिनमध्ये कॉनराड एल्व्हेजेमने शोधला. निकोटिनिक आम्ल आणि त्याचं भावंड निकोटिनामाइड. गंमत म्हणजे हे आम्ल रसायनशास्त्रज्ञांच्या बरण्यांत एकोणिसाव्या शतकापासून पडून होतं. तंबाखूतल्या निकोटिनपासून ते प्रथम बनवलं म्हणून ते नाव. पुढे पावात घालायची वेळ आली तेव्हा लोकांना तंबाखू आठवू नये म्हणून नाव बदलून 'नायसिन' केलं. निकोटिनामाइडचं झालं नायसिनामाइड. भाचीच्या बाटलीतलं ते हेच.

आता आजी.

आजोळ आमचं देगलूरच्या बाजूचं, म्हणजे तेव्हा निजामाच्या राज्यातलं. पोलीस ॲक्शननंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. घरी दळणकांडणाला एक बाई यायची. मजुरी धान्यात, म्हणजे जवारीत. तिच्या घरी तीच जवारी, तिची भाकर, नाहीतर कण्या, आणि वर मिरची. डाळ क्वचित, दूध नाहीच. एका उन्हाळ्यात तिच्या गळ्याभोवती काळी पट्टी उठली, हाताचे पंजे जळल्यासारखे झाले. गावात बोभाटा झाला की महारोग आहे. आजीने तिचं जात्यावर येणं बंद केलं. धान्य द्यायची, पण लांबून, सुपातून ओतून. पुढे ती बाई बडबडायला लागली, आणि मग दिसेनाशी झाली. आजी हे सांगायची ते नव्वदी गाठत आल्यावर, आणि प्रत्येक वेळी एकाच वाक्यावर थांबायची, "तिनं मला ताक मागितलं होतं."

मी डॉक्टर नाही, आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या बाईचं निदान ऐकीव गोष्टीवरून करणं चूक आहे हे कळतं मला. पण हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी नेमके अशाच रोग्यांचा अभ्यास करत होते. दख्खनच्या पठारावरचे ज्वारी खाणारे गरीब लोक, आणि पेलाग्रा! तोवर जग हा मक्याचाच रोग समजत होतं. १९६० साली गोपालन आणि श्रीकांतय्या यांनी 'लान्सेट'मध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते शरीराच्या नायसिन बनवण्याच्या कामात खोडा घालतं. हे स्पष्टीकरण पुढे सगळ्यांना पटलं असं नाही, वाद झाले. पण ज्वारीवरच भागवणाऱ्यांना पेलाग्रा होतो, हे त्यांनी दाखवलं ते खोटं ठरलं नाही. (ज्वारीला नावं ठेवू नका हं. भाकरीबरोबर वरण, ताक, शेंगदाण्याची चटणी असेल तर काही होत नाही. दुधातलं ट्रिप्टोफॅन वापरून शरीर स्वतःच नायसिन बनवतं, आणि शेंगदाण्यात तर ते भरपूर असतं. १९९० साली मलावीतल्या मोझांबिकच्या निर्वासितांच्या शिध्यातले शेंगदाणे तुटले, तर जवळपास अठरा हजार लोकांना पेलाग्रा झाला.)

आणि हा रोग गळ्यावर, हातांवरच का? कारण तिथे ऊन लागतं. उन्हाने बिघडलेल्या पेशींची डागडुजी करायला जे रसायन लागतं ते शरीर नायसिनपासूनच बनवतं. पोटात नसलं तर कातडी उन्हाला उघडी पडते.

तर भाचीचा प्रश्न. सौंदर्यप्रसाधनांत हा पदार्थ शिरला तो मुख्यतः १९९०नंतर. १९९५ सालच्या एका चाचणीत ४ टक्क्यांचं जेल मुरमांवर क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाच्या जेलइतकंच उपयोगी दिसलं. २००० साली प्रयोगशाळेत आढळलं की त्याने त्वचेच्या पेशी सेरामाइड, म्हणजे विटांमधला सिमेंट म्हणा, जास्त बनवतात. कोरड्या त्वचेतलं पाणी धरून ठेवायला हेच लागतं. २००२ साली जपानी त्वचेवर दिसलं की ते रंगद्रव्य बनणं थांबवत नाही, ते वरच्या पेशींकडे सोपवलं जाणं कमी करतं. म्हणून मुरमांनंतर राहणारे डाग थोडे फिके होतात. लावणं सोडलं की परिणाम ओसरतो. २००६ साली २ टक्क्यांनी तेलकटपणा घटल्याचं दिसलं, पण जपानी आणि गोऱ्या लोकांचे निकाल अगदी जुळले नाहीत.

म्हणजे तिन्ही मैत्रिणी बरोबर आहेत, कारण हे काही एका प्रकारच्या त्वचेचं औषध नाही, प्रत्येक पेशीचं रोजचं अन्न आहे. फक्त हे अभ्यास बहुतेक २ ते ५ टक्क्यांवरचे आहेत. १० टक्के हा आकडा बाटलीवर भारदस्त दिसतो, पण नाजूक त्वचेला त्याने चुरचुरतं. कमी टक्क्यांचं घे, आधी कानामागे लावून बघ, आणि उन्हात जाताना सनस्क्रीन लाव. हे सगळं मी तिला जेवताना सांगितलं. "गोरी होण्यासाठी लावत असशील तर पैसे वाया," हेही सांगितलं. त्यावर "मावशी, प्लीज!" असं उत्तर आलं.

रात्री मी उगाच हिशोब केला. ३० मिलिलीटरची बाटली, १० टक्के, म्हणजे साधारण ३ ग्रॅम नायसिनामाइड. मोठ्या माणसाची रोजची गरज १५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका बाटलीत एका बाईची दोनशे दिवसांची गरज. (सीरम पिऊ नये, हे सांगायला नकोच.)

हा हिशोब भाचीला दाखवला, आणि मग आजीची गोष्टही सांगितली. या वेळी फोन बाजूला होता. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "त्या बाईचं नाव काय होतं?"

मला माहीत नाही. आजी 'ती दळणारी' एवढंच म्हणायची. थोरल्या मावशीला कदाचित आठवत असेल. ती तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. दुपारी तिची झोप झाली की फोन करते.